बाद केलेलं कार्ड

शाळेत चित्रकला शिकवताना माझे दोन नियम होते. ठसे मारायचे नाहीत, आणि एकदा दिलेल्या रंगावर पुन्हा ब्रश फिरवायचा नाही. सव्वीस वर्षं मी ते पाळले आणि मुलांकडून पाळून घेतले. आज ते दोन्ही मला चुकीचे वाटतात. ते कसं घडलं हे लिहून ठेवायचं बरेच दिवस मनात होतं. ज्या मुलीमुळे लिहावंसं वाटलं तिचं नाव मला आठवत नाही, ही खंत आहे. तिचं कार्ड मात्र अजून डोळ्यांपुढे आहे.

साल १९९८ असावं. दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या शाळेत शुभेच्छापत्रांची स्पर्धा व्हायची. त्या वेळी दिवाळीत घरोघर कार्डं जायची-यायची, दुकानांपुढे दोऱ्या बांधून त्यांना चिमटे लावून कार्डं टांगलेली असायची, आणि मुलांनी ती विकत न घेता स्वतः करावीत म्हणून ही स्पर्धा होती. पाचवी ते सातवीच्या गटात एका मुलीने दिलेलं कार्ड निळ्या-जांभळ्या रंगाचं होतं. त्यावर भेंडीच्या ठशांच्या चार ओळी होत्या. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल उमटतं, हे पहिलीच्या मुलालाही माहीत असतं. खालची ओळ ठळक पिवळी, तिच्या वरची जरा फिकी, त्यावरची आणखी फिकी आणि सगळ्यांत वरची जवळजवळ निळ्यात विरलेली. निळा रंगही सगळीकडे सारखा नव्हता, कुठे दाट, कुठे पातळ, मध्येच खालचा कागद दिसत होता.

मला वाटलं, रंग संपत आला तरी हिने भेंडी पुन्हा रंगात बुडवायचे कष्ट घेतले नाहीत. कार्डाच्या मागे लाल पेनाने लिहिलं, ‘ठसे. डाग. बाद.’ निकाल सांगताना तिचं कार्ड तिच्या हातात दिलं तेव्हा ती बाकापाशी उभी राहून एवढंच म्हणाली, “मॅडम, ते लांबचे आहेत.”

मी म्हणाले, “लांबचे म्हणजे काय? काढायचं असेल तर हाताने काढायचं.”

ती बसली. पुढच्या मुलाचं नाव मी पुकारलं.

मी निष्ठुर बाई नव्हते, असं मला वाटतं. माझ्या नियमांना कारणं होती आणि ती मला पटलेली होती. आमच्या राज्यात चित्रकलेच्या शिक्षकाचं नाव एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांच्या निकालावर ठरतं. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन. वेळ मोजका. मुलं आधी वस्तू काढणार, छाया-प्रकाश देणार आणि शेवटच्या दहा मिनिटांत मी शिकवलेलं आठवणार: मागचं भरून टाका. सपाट, स्वच्छ, एका हाताने, वरून खाली. पार्श्वभूमी म्हणजे उरलेली जागा, ती भरायची असते, हे मी शेकडो मुलांना शिकवलं आहे.

रंगावर रंग नको, यामागेही कारण होतं, आणि ते बाटलीतलं होतं. शाळेत आम्ही पोस्टर कलर वापरायचो. पोस्टर कलर वाळला तरी पाण्यात पुन्हा सुटतो. त्यावर ओला ब्रश फिरवला की खालचा थर उठतो, वरच्यात मिसळतो आणि दोन्हींचा चिखल होतो. माझ्या सरांनी मला सांगितलं, ‘एकदाच लाव, परत शिवू नकोस’, आणि मी ते पुढे सांगत राहिले. तो एका विशिष्ट रंगाचा स्वभाव होता. मी त्याला चित्रकलेचा धर्म करून टाकला. ॲक्रिलिक वाळल्यावर पाण्याने सुटत नाही, त्यावर हवे तितके थर देता येतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं आणि मनाने घेणं यांत अंतर असतं, आणि ते अंतर मी निवृत्त होईपर्यंत ओलांडलं नाही.

ठशांबद्दलचा राग मात्र परीक्षेतून आलेला नव्हता, तो खरोखर माझाच होता. ठसेकाम पहिली-दुसरीच्या कार्यानुभवात असतं. बटाटा, भेंडी, बाटलीचं बूच, बोटं. मूल पेन्सिल धरायला शिकेपर्यंत त्याला गुंतवून ठेवायचं साधन, एवढीच माझ्या लेखी त्याची किंमत. रेषा काढायला हात तयार करावा लागतो, त्याला वर्षं लागतात, आणि ठसा ती वर्षं चुकवतो, असं मी मानायची. स्टाफरूममध्ये कुणी रांगोळीच्या छाप्यांचं कौतुक केलं तरी मी गप्प बसत नसे.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी माझ्या भाचीचं लग्न ठरलं. पत्रिका छापून आल्या, चारशे. पहिली आमच्या शहरातल्या राजाबाजारच्या संस्थान गणपतीपुढे ठेवून आलो आणि रात्री दादाच्या घरी जेवणं आटोपल्यावर हॉलमध्ये चादर अंथरून बाकीच्या पत्रिकांना हळद-कुंकू लावायला बसलो. वहिनीने एका वाटीत हळद आणि दुसऱ्या वाटीत कुंकू कालवून दिलं. मी अनामिका बुडवायची आणि चारी कोपऱ्यांना टेकवायची. भाची समोरून पत्रिका सरकवत होती आणि वाळलेल्या उचलून पाकिटात घालत होती.

शंभरेक पत्रिका झाल्यावर ती म्हणाली, “आत्या, तुझ्या पत्रिका ओळखू येतात गं. पहिला कोपरा लालभडक आणि शेवटचा अगदी फिका.”

मी पाहिलं. खरं होतं. बोट एकदा बुडवून मी चार कोपरे करत होते. पहिला ठसा दाट, दुसऱ्यात बोटाच्या रेषा दिसायला लागलेल्या, तिसरा पातळ, चौथा नुसता रंगाचा श्वास. ओळीने मांडलेल्या पत्रिकांमध्ये ते चौथे कोपरे मागे गेल्यासारखे दिसत होते आणि पहिले पुढे आल्यासारखे. तेच बोट, तोच रंग, त्याच कागदावर, आणि त्यात जवळचं-लांबचं दिसत होतं.

“मॅडम, ते लांबचे आहेत.”

वीस वर्षं झाली होती. बोट कुंकवाच्या वाटीत तसंच राहिलं. वहिनीने विचारलं, दमलात का. मी हो म्हणाले.

त्या मुलीचा रंग संपला नव्हता. तिने भेंडी दर वेळी एकदाच बुडवून खालून वर चार ओळींत उमटवली होती. कुठली ओळ जवळची आणि कुठली लांबची हे तिने ठरवलं होतं. अकरा-बारा वर्षांच्या मुलीने, यथादर्शन हा शब्दही ऐकलेला नसताना, एका भाजीच्या तुकड्याने कागदाला खोली दिली होती. मी ते डाग म्हणून बाद केलं.

लग्न पार पडल्यावर मी औरंगपुऱ्यात जाऊन ॲक्रिलिकच्या सहा नळ्या, कार्डशीट आणि चार मोठे खोडरबर घेऊन आले. त्याआधी ठसा मी स्वतः कधी केलाच नव्हता, फक्त नाकारला होता.

करायला लागल्यावर कळलं की ठसा वर्षं चुकवत नाही. खोडरबरावर ‘शुभ’ कोरायचं तर अक्षर उलटं कोरावं लागतं, आणि आपल्या लिपीत काना-उकार उलटे झाले की तीस वर्षांचं अक्षरलेखन हाताला ओळखू येत नाही. ठशाखाली वर्तमानपत्राची जाड घडी लागते, नाहीतर मधला भाग उमटतच नाही. सरळ दाबायचा, सरळ उचलायचा, जरा तिरका झाला की कडेला दुहेरी रेघ येते. भेंडी कापल्या कापल्या वापरली तर तिच्या बुळबुळीत रसावरून रंग घसरतो, म्हणून आधी कापून कापडावर पालथी ठेवावी लागते. रंगाची गादी करायला पहिलीच्या वर्गात करतात तेच उत्तम: ताटलीत ओल्या फडक्याची घडी आणि तिच्यावर पसरलेला रंग. रंगात न बुडवता मारलेला दुसरा आणि तिसरा ठसा, म्हणजे त्या मुलीचे ‘लांबचे’, मला पहिले पंधरा दिवस जमलेच नाहीत. पहिला ठसा जास्त भरला की दुसरा गिचमिड होतो. पहिला कोरडा राहिला की तिसरा येतच नाही.

आणि मग पार्श्वभूमी. आता माझा सगळा वेळ तिच्यात जातो.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याच्या दिवशी भरलेला ड्रम पुरवून वापरायचा असतो, त्यामुळे ब्रश धुतलेलं पाणी मी लगेच ओतत नाही. तिसऱ्या दिवशी त्या बरणीतलं पाणी राखाडी-तपकिरी होतं. कार्डावर पहिला हात मी त्याच पाण्याचा देते. त्याने कागदाचा कोरा भडकपणा जातो आणि पुढचे सगळे रंग एकमेकांशी जुळवून घेतात, कारण त्या पाण्यात ते सगळे आधीच असतात. त्यावर पिवळ्या मातीच्या रंगाचा पातळ हात. तो वाळला की मेणबत्तीचा तुकडा हवा तिथे घासायचा आणि वरून पाणीदार निळा द्यायचा. मेणावर निळा धरत नाही, तिथून पिवळा डोकावत राहतो. मात्र जिथे मेण तिथे पुढचा ठसाही धरत नाही, तेव्हा फुलं कुठे येणार हे मेण घासतानाच ठरवावं लागतं. मग भांडी घासायच्या कोरड्या स्पंजाने पांढऱ्याचे हलके टिपके. मग लांबचे ठसे. मग जवळचे. अक्षरं शेवटी, ब्रशने, हाताने. शिरोरेषा सगळ्यांत शेवटी.

उन्हाळ्यात इथे पारा ४० च्या वर गेला की ब्रश उचलेपर्यंत रंग वाळतो. ओल्यात ओला रंग सोडायचा तर पहाटे पाच-साडेपाचला बसावं लागतं. पावसाळ्यात उलट, एकेका थरासाठी तासभर थांबायचं. या थांबण्याची मला आधी सवय नव्हती. चाळीस मिनिटांच्या तासिकेत थांबायला जागा नसते.

याच काळात मी कागजीपुऱ्याला गेले. दौलताबादच्या पुढे, खुलताबादच्या वाटेवर हे गाव आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली तेव्हा आलेल्या लोकांत कागद करणारे कारागीरही होते आणि ते इथे वसले, असं मानतात. गावाचं नावच कागदावरून पडलेलं. वेरूळला जाता-येता या फाट्यावरून मी शाळेच्या सहलींबरोबर किती वेळा गेले असेन. बस कधी थांबवली नाही.

तिथे हौदातल्या लगद्यात साचा बुडवून वर उचलताना पाहिला. पाणी निथळतं आणि जाळीवर चिंध्यांचे, रद्दीचे तंतू जसे बसतील तसे बसतात. मग तो ओला ताव कापडावर उलटायचा, दाबायचा, वाळवायचा. यंत्राच्या कागदाचे तंतू बहुतेक एका दिशेला झोपलेले असतात, म्हणून कार्डाची घडी एका बाजूने सुरेख बसते आणि दुसऱ्या बाजूने तडकते. हाताच्या कागदाला अशी ठरलेली दिशा फारशी नसते. आणि खळ कमी दिली असेल तर तो रंग पिऊन टाकतो, ठशाच्या कडा फुटतात. पूर्वी लिहिण्याच्या कागदाला खळ देऊन दगडाने घोटत, ते बोरू अडखळू नये म्हणून. मी न घोटलेला घेतला. हातात धरून उन्हाकडे पाहिला तर त्यात दाट-विरळ ढग होते, अगदी त्या मुलीच्या निळ्यासारखे. म्हणजे कोरा कागद असा काही नसतोच, माझ्याआधी त्यावर कुणाच्या तरी हाताचा थर येऊन गेलेला असतो. हे मला साठीनंतर कळलं, आणि कळलं तेव्हा आनंदच झाला.

अजिंठ्याला तर मी वीसेक वेळा मुलांना नेलं असेल. आमच्या शहरापासून शंभरेक किलोमीटर, पहाटेची बस, डबे, आणि पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणीपुढे उभं राहून माझं ठरलेलं बोलणं: रेषा बघा, भुवई बघा, बोटं बघा. सगळं खरंच आहे. पण भाचीच्या सासरच्या मंडळींना घेऊन गेले तेव्हा मी पहिल्यांदा चित्राची फुटकी कड पाहिली. रंगाचा पोपडा गेलेला असतो तिथे भिंतीची सगळी गोष्ट उघडी पडलेली असते. खडकावर मातीचा जाडसर गिलावा, त्यात तूस आणि वनस्पतींचे तंतू. त्यावर बारीक मातीचा थर. त्यावर पांढरा पातळ लेप. मग गेरूच्या रेषेचं रेखाटन, मग रंग, आणि रंगांवर पुन्हा रेषा. ज्या रेषेचं मी इतकी वर्षं कौतुक केलं ती सगळ्यांत वरची होती, आणि ती ज्या मातीवर उभी होती तिच्याकडे मी एकाही मुलाचं लक्ष वेधलं नव्हतं. ‘परत शिवू नकोस’ म्हणणाऱ्या बाईने मुलांना दाखवायला नेलेली भिंत पुन्हा पुन्हा हात फिरलेली होती.

तिथेच दुसऱ्या लेण्यात हंसांची रांग आहे. एकच आकार पुन्हा पुन्हा, आणि एकही हंस दुसऱ्यासारखा नाही. पुनरावृत्ती म्हणजे आळस, हे माझं जुनं मत त्या रांगेखाली उभी असताना मला फार जड वाटलं.

थराला मात्र मर्यादा असते, हेही अजिंठाच शिकवतो. निजामाच्या काळात, १९२० च्या सुमारास, चित्रं टिकावीत म्हणून इटलीहून तज्ज्ञ आणले गेले. त्यांनी लावलेलं लाखेचं रोगण पुढे पिवळं पडलं आणि रंग झाकोळले. हेतू चांगला होता. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बायका तयार कार्डावर चमकदार रोगण मारू का विचारतात, तेव्हा मी नको म्हणते.

हो, आता आठवड्यातून दोन दुपारी माझ्याकडे सात-आठजणी येतात. बहुतेकींनी शाळेनंतर ब्रश हातात धरलेला नाही. पहिल्या दिवशी मी त्यांना काहीही काढायला सांगत नाही. फक्त पाच थर द्या, म्हणते. ‘मला चित्र येत नाही’ असं म्हणत आलेली बाई थर देताना बोलायची थांबते. तिसऱ्या थरानंतर ती कार्ड हातात धरून लांब नेते, जवळ आणते. त्या क्षणी मला माझ्या जुन्या वर्गातली ती सगळी मुलं आठवतात, ज्यांना रेषा येत नाही म्हणून मी मागच्या बाकांवर गप्प बसवलं. मी त्यांना भेंडी द्यायला हवी होती.

घरात ठसे होतेच की. नव्या घराच्या भिंतीवर आईने हळदीचे हात उमटवले होते. लक्ष्मीची पावलं काढताना ती मूठ तांदळाच्या पिठात बुडवून टेकवायची आणि वर बोटांनी पाच ठिपके. ते मी कधी ठसेकाम मानलं नाही, कारण ते पूजेचं होतं. संक्रांतीला माझ्या मावशीचं पाकीट यायचं, त्यात भेटकार्ड आणि कागदाच्या पुडीत थोडा काटेरी हलवा. पोस्टाच्या शिक्क्याखाली हलव्याचे दाणे चुरडलेले असायचे आणि कार्डावर साखरेची पांढरी भुकटी पसरलेली. ते छापील कार्ड विसरले, ती भुकटी आठवते. छापील कार्डांवरून आठवलं: लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल याने जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचं कार्ड करून घेतलं. विक्रीसाठी छापलेलं पहिलं नाताळकार्ड ते हेच, असं मानतात. हजारभर प्रती शिळाछापावर काढल्या आणि त्यात रंग मात्र हाताने भरले. छापलेल्यावर हाताचा थर. आमच्या चारशे पत्रिकांचंही तेच झालं होतं. छापखान्यातून आल्या तेव्हा त्या पूर्ण होत्या, तरी हळद-कुंकवाआधी वहिनी एकही बाहेर जाऊ देत नव्हती.

सगळंच मत बदललं आहे असं नाही. विकत मिळणारे तयार ठसे, तयार कापलेली फुलं, चिकटवायची चमकी यांत माझं मन अजून रमत नाही, आणि बायकांना मी ते स्पष्ट सांगते. ज्याने आकार शोधला त्याचा आनंद ज्याने तो विकत घेतला त्याला मिळत नाही, असं मला आजही वाटतं. रेषेवरचं प्रेमही कमी झालेलं नाही. पण रेषा येणारा तो चित्रकार आणि बाकीचे प्रेक्षक, ही माझी विभागणी गेली.

सध्या मी ते कार्ड करते आहे. त्या मुलीचं. परीक्षेत मुलांना जे स्मरणचित्र काढायला लावलं तेच आता माझ्यासमोर आहे. निळा जमला. तो कुठे दाट होता, कुठे पातळ, हे हाताने हळूहळू आठवलं. मला वाटतं तिने कापसाच्या बोळ्याने ओला रंग टिपून घेतला असावा. खालच्या तीन ओळीही येतात. चौथी येत नाही. एक तर उमटतच नाही, नाहीतर तिसरीइतकीच ठळक येते. तिने पोस्टर कलर वापरला होता, ओला निळा पिवळ्यात सुटू न देता. तिने निळा किती वेळ वाळू दिला असेल, याचा अंदाज घेत आज सकाळपासून मी नऊ कार्डं केली. ती खिडकीत वाळत ठेवली आहेत. दुपारी भेंडी आणायला जायचं आहे, जरा कोवळी, लहान बघून. त्या मुलीच्या फुलांच्या पाकळ्या माझ्या फुलांपेक्षा बारीक होत्या.